मांडवातील अंगाई

तंजावर आणि कुंभकोणम या दोन नगरांना जोडणाऱ्या रेल्वेमार्गावर, कावेरीचीच एक शाखा असलेल्या कुडमुरुट्टी नदीच्या काठी, पापनाशम नावाचे तालुक्याचे गाव आहे. तंजावरपासून ते सुमारे २५ किलोमीटरवर, तर कुंभकोणमपासून सुमारे १५ किलोमीटरवर येते. ‘दृश्यम’च्या तमिळ अवताराने २०१५ साली ज्या पापनाशमचे नाव सर्वतोमुखी केले, ते तिरुनेलवेलीकडचे, आपले पापनाशम भातशेतीच्या सपाट आणि जलसमृद्ध मुलखातले. रामाने १०८ शिवलिंगे स्थापिली अशी ज्याची आख्यायिका, ते रामलिंगस्वामींचे देवालय येथे आहे, आणि लगतच्या तिरुप्पालैत्तुरै येथील शिवमंदिराच्या आवारात नायक राजांच्या कारकिर्दीत बांधलेले विटांचे भव्य धान्यकोठार आजही उभे आहे. याच तालुक्यातील मेलट्टूर गावी भागवतमेळ्याची नाट्यपरंपरा चालत आली असून, तिच्या प्रसिद्ध नाटकांपैकी एकाचा नायक प्रल्हाद, म्हणजे एक बालकच आहे.

या गावाचे नाव संगीताच्या इतिहासात कायमचे कोरले गेले ते पोलगम येथे १८९० साली जन्मलेल्या रामय्या नामक भजनवेड्या पुरुषामुळे. बंधूंच्या आश्रयाने त्यांचे येथे वास्तव्य झाले आणि पुढे सारे दाक्षिणात्य जग त्यांना पापनाशम शिवन म्हणून ओळखू लागले. १९७३ साली देहावसान होईपर्यंत त्यांनी तमिळ भाषेत विपुल कीर्तने रचली आणि चित्रपटांसाठीही पदे लिहिली. परंतु घराघरांतील मातांच्या आणि मुलींच्या ओठी जे पद आजही सहजपणे येते, ते यशोदेच्या भाग्याचे वर्णन करणारे, कापी रागातील. मूल, माता आणि गीत या तिघांचे नाते ज्या भूमीत इतके दृढ आहे, त्या भूमीकडे मी एक अगदी आजचा प्रश्न घेऊन पाहतो आहे: लग्नसमारंभात आणि मेजवानीत डीजेने बालगीते वाजवावीत काय, आणि वाजवावीत तर ती कोणत्या रीतीने?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. पुण्या-मुंबईपासून कोल्हापूर-नांदेडपर्यंत, ज्याला आपण सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतो त्या ध्वनिक्षेपक यंत्रणेने सनई-चौघड्याची आणि बँडची जागा पुष्कळ अंशी घेतली आहे, आणि तिच्यासमोर पहिली पावले टाकणारे नर्तक बहुधा सहा ते दहा वर्षांचे असतात. मोठी माणसे अद्याप आहेराच्या आणि भेटीगाठींच्या गडबडीत असताना ही मुले मोकळ्या जागेत धावत येतात. आणि तेथे त्यांना जे ऐकायला मिळते ते बहुधा प्रौढांच्या शृंगाराचे, कधी मद्याचे आणि क्वचित निखालस ग्राम्य असे गीत असते, ज्याच्या शब्दांचा अर्थ त्यांना कळू नये अशीच आपली इच्छा असते. एखादी आई पुढे होऊन ‘मुलांचे काही लावा’ अशी विनंती करते. तेव्हा यंत्रावर बसलेल्या तरुणाला ती आपल्या कसबाची हानी वाटते, वडीलधाऱ्यांना मंगल कार्यात पोरखेळ शिरल्यासारखा वाटतो, आणि दोन गाण्यांनंतर प्रकरण आटोपते. मंगल कार्य आणि बालगीत यांचा संबंध नाही, असे गृहीत यामागे आहे. कावेरीच्या खोऱ्यातील विवाहविधी जवळून पाहिला की हे गृहीत टिकत नाही.

तेथील विवाहात, विशेषतः ब्राह्मण कुटुंबांच्या, वधूवरांनी माळा बदलल्यावर आणि कन्यादानापूर्वी, ‘ऊंजल’ नावाचा विधी असतो. सजविलेल्या झोपाळ्यावर वधूवरांना शेजारी शेजारी बसवतात. सुवासिनी त्यांना दूध आणि केळ्याचे तुकडे भरवतात, रंगविलेल्या भाताचे मुटके घेऊन झोपाळ्याभोवती फिरतात आणि दृष्ट लागू नये म्हणून ते चारी दिशांना टाकतात. झोपाळा मंद हालत असतो आणि त्या वेळी स्त्रिया जी गीते गातात, त्यांत ‘लाली’ हा प्रकार प्रमुख असतो. लाली म्हणजे अंगाईच. जी गीते पाळण्याजवळ गायची, तीच येथे विवाहाच्या मांडवात, ज्येष्ठांच्या साक्षीने आणि पुरोहिताच्या संमतीने गायिली जातात. नादस्वरमवाला, म्हणजे तिकडचा सनईवाला, बाहेरून त्याच चालीची साथ देतो.

विधीनंतर, बहुधा सायंकाळी, ‘नलंगु’ होतो. वधूवर समोरासमोर बसून नारळ एकमेकांकडे लोळवतात, एकमेकांच्या डोक्यावर अप्पळम, म्हणजे पापड, फोडतात, केस विंचरतात, आरसा दाखवतात, आणि दोन्हीकडच्या बायका थट्टेची गाणी म्हणतात. आपल्याकडेही मुठीतली सुपारी सोडविणे, विडा तोडणे, हळदीच्या पाण्यातून अंगठी शोधणे हे खेळ आहेतच. दोन्ही प्रदेशांतील चालीरीती एकाच वस्तुस्थितीकडे बोट दाखवतात, आणि ती वस्तुस्थिती कटू आहे. हे खेळ आणि ही अंगाई ज्यांच्यासाठी रूढ झाली, ती वधू खरोखरीच बालिका होती, आणि पुष्कळदा वरही बालकच होता. आठ-दहा वर्षांच्या मुलीला परक्या माणसांच्या गर्दीत, धुरात आणि मंत्रघोषात धीर यावा म्हणून झोपाळा, दूध-केळे आणि ओळखीची चाल यांची योजना होणे स्वाभाविक होते. ज्या गीतात एवढी माया आहे त्याच्या मुळाशी एवढा अन्याय असावा, हे समजून घेतल्याखेरीज या परंपरेचे नुसते कौतुक करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

तो अन्याय कायद्याने, आणि कायद्यामागे उभ्या राहिलेल्या लोकजागृतीने, हळूहळू मागे हटविला. हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जाणारा बालविवाह प्रतिबंधक कायदा १९२९ साली संमत झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अंमलात आला. त्याने मुलीचे वय १४ आणि मुलाचे १८ ठरविले. पुढे १९७८ च्या दुरुस्तीने ते अनुक्रमे १८ आणि २१ झाले. बालिका विवाहाच्या चौरंगावरून उठली, ही गेल्या शतकातील आपल्या समाजाची एक मोठी कमाई होय. परंतु ऊंजल राहिला, लालीही राहिली. आज अभियांत्रिकी शिकलेली सत्तावीस वर्षांची वधू त्याच झोपाळ्यावर बसते आणि तिच्यासाठी तीच अंगाई गायिली जाते. आता तिचा अर्थ एवढाच उरतो की, ज्या घराने तुला लहानाचे मोठे केले ते घर तुला शेवटचे एकदा लहान म्हणून हाक मारीत आहे. आणि खरे बालक, जे पूर्वी चौरंगावर होते, ते आता मांडवाच्या मोकळ्या जागेत नाचण्यासाठी वाट पाहत उभे आहे. गीताने त्याच्या मागोमाग तेथे जावे, यात परंपरेचा भंग नसून तिची निकोप परिणती आहे, असे माझे मत आहे.

या मताला संगीतशास्त्राचाही आधार मिळतो. कर्नाटक पद्धतीत नीलांबरी, कुरिंजी आणि नवरोज हे तीन राग अंगाईचे म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि विवाहाची गीते व लाल्याही याच रागांत वारंवार आढळतात. पापनाशमपासून दूर नसलेल्या तिरुवैयारू येथे राहून ज्यांनी तंजावरच्या सरफोजीराजांचे दरबारी आमंत्रण नाकारले, त्या त्यागराजांनी (१७६७–१८४७) आपल्या उत्सवसंप्रदाय कीर्तनांत रामाला झोके देण्याचे पद नीलांबरीत रचले, आणि सीतेच्या विवाहाचे त्यांचे सुप्रसिद्ध पद कुरिंजीत गाण्याचा प्रघात आहे. हे तिन्ही राग धीरशंकराभरण या २९व्या मेळकर्त्याचे, म्हणजे आपल्या बिलावल थाटाच्या स्वरांचे, जन्यराग होत. त्यांतील कुरिंजी मंद्र निषादापासून मध्य धैवतापर्यंत आणि नवरोज मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंतच फिरतो. तारषड्जाला हात घालण्याची गरज पडत नाही. ज्या स्त्रीने कधी गायनाची तालीम घेतली नाही तिलाही, आणि ज्या मुलाचा आवाज अद्याप तयार झाला नाही त्यालाही, हे स्वर सहज साधतात. इंग्रजी शाळेतून जगभर पसरलेले चिमुकल्या चांदणीचे गीत ज्या जुन्या फ्रेंच चालीवर आहे, तीही शुद्ध स्वरांची आणि षड्जापासून धैवतापर्यंतच्या सहा सुरांत संपणारी आहे. अंगाई, लग्नगीत आणि बालगीत या तिन्हींनी एकच छोटे क्षेत्र निवडावे, याचे कारण तिन्ही गीते सर्वांनी मिळून गाण्यासाठी असतात.

परदेशी चाल घरात घ्यावी की न घ्यावी, हा वादही या प्रदेशाने दोनशे वर्षांपूर्वी आपल्या परीने सोडविलेला आहे. मुथुस्वामी दीक्षितर यांचे तारुण्य मद्रासजवळच्या मणली येथे गेले. तेथे कंपनी सरकारच्या लष्करी बँडचे सूर त्यांच्या कानी पडले आणि त्या चालींवर त्यांनी संस्कृत पदे रचली. सुमारे चाळीस अशी पदे ‘नोट्टुस्वर’ या नावाने ओळखली जातात. त्यांतील एक तर ब्रिटिश राष्ट्रगीताच्या चालीवर आहे. गमकांचा भार नसलेल्या, सरळ स्वरांच्या या रचना कर्नाटक संगीत शिकू लागलेल्या मुलांना आजही आरंभी शिकवतात आणि मुले त्या समूहाने आनंदाने गातात. पुढे हरिकेशनल्लूर मुत्तय्या भागवतर यांनी रचलेली आणि मदुराई मणी अय्यर यांनी लोकप्रिय केलेली ‘इंग्लिश नोट’ मैफलींतून नादस्वरमवादकांकडे आली, आणि १९६८ च्या ‘तिल्लाना मोहनांबाळ’ या चित्रपटाने ती तमिळ घराघरांत पोहोचविली.

या सर्व उलाढालीत मराठी माणसाचा वाटा परक्याचा नव्हता. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरची गादी मिळविली, तेव्हापासून १८५५ साली ते राज्य खालसा होईपर्यंत भोसल्यांचे घराणे त्या गादीवर होते. त्याच घराण्यातील शाहजीराजांनी मराठीत ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे नाटक लिहिले, म्हणजे तंजावरच्या मराठी रंगभूमीच्या आरंभीच एक विवाह आहे. सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल १७९८–१८३२) यांच्या पदरी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता, आणि याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम व वडिवेलू हे चौघे बंधू नृत्य-संगीताची पद्धती घडवीत होते. राजांनी स्वतः रचलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नृत्यनाट्यात पृथ्वीचा भूगोल गाण्यांतून सांगितला आहे. ज्ञान गीताच्या वाटेने द्यावे ही त्यांची धारणा, आणि बालगीताचा पाया तरी दुसरा कोणता आहे? तंजावरच्या मोडी दप्तरात कलावंतांच्या नेमणुका आणि बिदाग्या यांच्या नोंदी आहेत. उत्सवात कोणी काय वाजवावे याची तजवीज करणे हे राज्यकारभाराचे एक अंग समजले जात होते.

तीच तजवीज सामान्य जनांसाठी पुढे ‘माइक सेट’वाल्याने केली. तमिळ मुलखात विवाह असो वा मुलांचा कान टोचण्याचा सोहळा असो, मांडव पडला की प्रथम खांबावर किंवा माडावर कर्णा चढत असे, आणि गीतांचा क्रम जणू लिखित जाबत्याप्रमाणे ठरलेला असे. आरंभी शीर्काळी गोविंदराजन यांच्या आवाजातले विनायकाचे पद, मग मुरुगनची भक्तिगीते आणि त्यानंतर विवाहाची चित्रपटगीते. वधूला मांडवाकडे नेताना ‘पासमलर’ (१९६१) मधले एल. आर. ईश्वरी यांचे गाणे आणि नववधूच्या गृहप्रवेशासाठी ‘शारदा’ (१९६२) मधले, ही जोडी आजही सुटलेली नाही. मुलांसाठी १९९० साली ‘अंजली’ आला. मणिरत्नम यांचा हा चित्रपट इलयराजा यांचा ५०० वा, आणि त्यातील मुलांच्या समूहस्वरांची गीते त्या पिढीच्या वाढदिवसांना सर्वत्र वाजू लागली. कान टोचण्याच्या सोहळ्यात मामाच्या मांडीवर बसलेले मूल हेच उत्सवमूर्ती असते, तेव्हा त्याच्यासाठी गाणे लावण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही.

आज पापनाशमसारख्या गावांच्या परिसरातील कल्याण मंडपांत दोन ध्वनी शेजारी नांदतात. पहाटेच्या मुहूर्ताला नादस्वरम आणि तविल असतात. मंगळसूत्र बांधण्याच्या क्षणी यजमान हात उंचावून खूण करतो आणि ‘केट्टी मेळम’ असा पुकारा होताच दोन्ही वाद्ये पूर्ण बळाने वाजू लागतात, जेणेकरून कोणताही अशुभ शब्द कानी पडू नये. ती नादस्वरमे कुंभकोणमच्या पूर्वेला नरसिंगंपेट्टै येथे, जुन्या घरांतून काढलेल्या मुरलेल्या ‘आच्चा’ लाकडाची, म्हणजे आपल्या अंजन वृक्षाच्या लाकडाची, बनतात; २०२२ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. रिसेप्शनला, जे तेथे पुष्कळदा मुहूर्ताच्या आदल्या सायंकाळीच होते, ‘लाइट म्युझिक’चा वाद्यवृंद किंवा डीजे असतो. या दोहोंत मला एक महत्त्वाचा भेद दिसतो. नादस्वरमवाल्याचे लक्ष विधीकडे असते: माळा बदलताना काय, झोपाळ्यावर काय, मंगळसूत्राला काय, हे तो जाणतो, आणि केट्टी मेळमाचा कल्लोळ क्षणभरात थांबवून लालीच्या मृदू स्वरावर येऊ शकतो. यंत्रावरच्या तरुणाने त्याच्याकडून हे अवधान शिकावे.

शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते कष्टाचे नाही. बालगीतांचा काळ सायंकाळच्या आरंभी, जेवणाच्या पंगतीपूर्वी असावा. मुले ताजीतवानी असतात आणि आजी-आजोबाही अद्याप बसलेले असतात. गीते लहान असतात, म्हणून तीन-चार सलग घ्यावीत, एखादे मुलांच्या मागणीवरून पुन्हा लावावे आणि मध्येच स्वर थांबवून पुतळा होण्याचा खेळ घ्यावा. मूळ गीताचे शब्द ठेक्याखाली दडपू नयेत, कारण बालगीताचा प्राण शब्दांत आहे आणि मुलांना ते म्हणायचे असतात. मराठीजवळ याची संपत्ती थोडी नाही. गदिमांनी लिहिलेले, पु. ल. देशपांडे यांनी स्वरबद्ध केलेले आणि आशा भोसले यांनी ‘देवबाप्पा’ (१९५३) चित्रपटासाठी गायिलेले मोराचे गाणे आजच्या पणजीपासून पणतीपर्यंत साऱ्यांना येते; मंगेश पाडगावकरांचा भोलानाथ आहे; संदीप खरे व सलील कुलकर्णी यांचे ‘अग्गोबाई ढग्गोबाई’ आहे. हिंदीत गुलजार आणि राहुलदेव बर्मन यांनी ‘मासूम’ (१९८३) साठी केलेले घोड्याचे गाणे आहे. आणि २०१६ साली कोरियातून आलेले ‘बेबी शार्क’ मुलांनी मागितले, तर नोट्टुस्वरांचे वारसदार म्हणून आपण नाक मुरडण्याचे कारण नाही.

ध्वनीच्या मात्रेबाबत मात्र मी कठोर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित श्रवणाच्या मानकानुसार मुलांसाठी ७५ डेसिबल इतका ध्वनी आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, आणि दर ३ डेसिबल वाढीला अनुज्ञेय वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलच्या ध्वनीत मुलाचा आठवड्याचा सारा वाटा आठ मिनिटांच्या आत संपतो. आणि नाचण्याची जागा नेमकी ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर असल्याने, मुलांच्या कानांची उंची त्या पेट्यांच्या थेट समोर येते. पेट्या मुलांच्या डोक्यावरून जातील अशा उंच ठेवाव्यात, मुलांचे रिंगण दूर घ्यावे आणि बालगीतांच्या वेळी आवाज इतका उतरवावा की मुलांचा स्वतःचा स्वर मांडवात ऐकू येईल. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावरील ध्वनिक्षेपकास मनाई करतात आणि निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. पण घरच्या मुलाचा कान जपण्यासाठी पोलिसांची वाट पाहावी लागू नये. गीतांच्या हक्काविषयी ज्यांना शंका असते त्यांनी एवढे जाणावे की, १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५२ विवाहाची मिरवणूक आणि विवाहाशी निगडित सोहळे यांतील ध्वनिमुद्रित गीतांना सूट देते; वाढदिवसाच्या मेजवानीचा उल्लेख त्यात नाही.

कुंभकोणमजवळ गोविंदपुरम येथे बोधेंद्रस्वामी या संतांचे अधिष्ठान, म्हणजे समाधिस्थान, आहे, आणि आज तेथे विठ्ठल-रखुमाईचे भव्य मंदिरही उभे आहे. त्या परिसरातील भजनसंप्रदायात मराठी अभंग तमिळ, तेलुगू आणि संस्कृत पदांच्या पंक्तीला बसतात, आणि राधाकल्याणाच्या उत्सवात राधाकृष्णाचा विवाह लावताना नलंगुचे खेळ आणि झोपाळ्याची लाली देवांसाठीही होते. जगाचा नियंता म्हणून ज्याची पूजा करायची, त्याला विवाहाच्या दिवशी अंगाई ऐकविण्यात त्या भक्तांना संकोच वाटत नाही. आपल्याकडे रामनवमीला आणि गोकुळाष्टमीला पाळणा म्हणणाऱ्या समाजालाही तो वाटू नये.

म्हणून या तुळशीच्या लग्नानंतर ज्यांच्या घरी कार्य उभे राहणार आहे त्यांनी, हार-तुरे आणि पक्वान्ने यांची यादी करताना, अर्ध्या तासाच्या बालगीतांचीही एक यादी करावी. तीत आजीच्या वेळचे एक गाणे असावे, आईच्या वेळचे एक आणि आजच्या मुलांनी स्वतः निवडलेले एक. ती यादी डीजेच्या हाती आगाऊ द्यावी, आवाजाची मर्यादा करारातच ठरवावी, आणि त्या अर्ध्या तासात वधूवरांनी स्वतः मुलांच्या रिंगणात उतरावे. ज्या समारंभातून एका नव्या कुटुंबाचा आरंभ होतो, त्यात त्या दोघांनी पहिले गाणे मुलांसोबत म्हणावे, याहून उचित आरंभ मला सुचत नाही.